भिंगरीच्या फेऱ्या

इस्पितळाच्या लॉन्ड्रीत घड्या घालायची एक लांबट खोली होती. तिथे ती एका जागी उभी आहे असं कुणाला आठवत नाही. चार चादरींच्या घड्या झाल्या की निघालीच टोकाच्या सुकवणी यंत्राकडे, नव्या चादरी आणायला. जाता जाता कुणाच्या दंडाला चिमटा, कुणाच्या नव्या चपलांची चौकशी. बायका तिला भिंगरीच म्हणत. घरी नवरा म्हणायचा, "अगं, जेवताना तरी टेक जरा." ती उभ्यानेच म्हणे, "टेकलेच की!"

शेजारच्या टेबलावर तिची थोरली नणंद असे. भिंगरीला या नोकरीत वन्संनीच लावून दिलं होतं. अलीकडे वन्संची बोटं आखडली होती. चादरीची टोकं जुळवताना हातातून निसटत. संध्याकाळी सुपरवायझर टेबलांवरचे गठ्ठे पाहून जाई, आणि ज्याचे कमी त्याला घरचा रस्ता दाखवायला तो कचरत नसे. म्हणून भिंगरीची प्रत्येक फेरी वन्संच्या टेबलावरून जाई आणि तिथे एक तयार गठ्ठा हळूच टेकवला जाई. सतत फिरणाऱ्या बाईच्या हातातलं कोण बघतं? घाईत तिच्या गठ्ठ्यात फाटकी चादर जायची भीती असे. पण तिच्या टेबलाची तक्रार वॉर्डातून कधी आली नव्हती. नशीब, असं ती समजे.

मग एक दिवस अभ्यासवाली बाई आली. माणसं काम कशी करतात, आपसात कसं वाटून घेतात, हा तिचा विषय. कोपऱ्यात स्टूल टाकून ती नुसती बघत बसे.

"आपण काय प्राणिसंग्रहालयात आहोत का?" एक जण पुटपुटली.

"असू, पण खायला कोण घालतंय?" दुसरी म्हणाली.

भिंगरीला मात्र हसू फुटलं नाही. या बाईने वन्संचं लिहिलं तर संपलंच. तिची झोप उडाली. शेवटी तिनेच डोकं लढवलं. "वन्सं, उद्या ताप आलाय म्हणून घरीच राहा. त्या बाईचा उद्या शेवटचा दिवस आहे."

"मला कशाला ताप?" वन्सं म्हणाल्या, पण राहिल्या.

दुसऱ्या दिवशी भिंगरी निश्चिंत मनाने कामाला लागली. चादरींचा मोठा भारा एकदाच आणला आणि घड्या घालत राहिली. दुपारी ती बाई शेजारी येऊन उभी राहिली.

"मावशी, शेजारचं टेबल रिकामं, आणि आज तुम्ही फिरत नाही आहात."

भिंगरीचा हात चादरीवरच थांबला. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे तिला तेव्हा उमगलं.

"मॅडम, पाया पडते, लिहू नका."

"नावं मी लिहीत नाही. पण खोली एवढीशी, साहेबांना ओळखू येणारच." बाई खरंच अडचणीत पडली होती. "आणि नाही लिहिलं तरी घोळ आहे. तुमच्या फेऱ्यांत वेळ जातो म्हणून साहेब चाकाच्या गाड्या आणणार आहेत. कपडे टेबलापाशीच येतील. मग त्यांच्या टेबलावरून तुम्ही जाणार कशा?"

भिंगरी कामावरून निघाली ती थेट नणंदेच्या दारात. आत न जाता उंबऱ्याशीच येरझाऱ्या घालत तिने सगळं सांगून टाकलं. इतक्या दिवसांत या गोष्टीबद्दल दोघी चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

"मला काय दिसत नव्हतं?" वन्सं म्हणाल्या. "तू गठ्ठा ठेवून पळायचीस. मी तो उलगडून बघायची. निम्म्यात फाटकी निघायची, बये, ती काढून ठेवायची! तुझ्या टेबलावरचंही तू फिरायला गेलीस की चाळायची. डोळे शाबूत आहेत माझे."

भिंगरी पहिल्यांदा खाली बसली. "म्हणजे तक्रार येत नव्हती ती..."

"तुझं नशीब होय ते? आता उद्या माझं बोट धरून चल. त्या बाईला एक दिवस थांब म्हणून कळव, तिला मीच सांगते, साहेबासमोर."

बाई वन्संसाठी एक दिवस जास्त थांबली. वन्सं बोलत असताना भिंगरीने खोलीला किती चकरा मारल्या, ते तिलाच ठाऊक. सुपरवायझरने सगळं ऐकलं, गठ्ठे उलगडून पाहिले. मग वन्संना म्हणाला, "दाराशी बसा. चादरी तपासून सोडा. जमतंय का ते बघू."

गाड्या आल्या. वन्सं अजून दाराशी आहेत. ते 'बघू' मात्र सुपरवायझरने मागे घेतलेलं नाही. चादरी आता टेबलाशी येतात, भिंगरीला कुठे जायची गरज नाही. तरी तासागणिक ती दारापर्यंत जाते, वन्संच्या खांद्यावरून डोकावते.

"काय गं, आता काय?"

"काही नाही. बघतेय, आहात ना."