पान उलटल्याचा आवाज

शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, कारखान्यात बाबांचा डावा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला, तेव्हा मी चौथीत होते. हात वाचला, बोटं गेली. आठ दिवसांनी ठेकेदाराचा मुन्शी घरी आला. खाटेवर बसला, चहा प्याला, खिशातून एक कागद काढला आणि मोठ्या आवाजात वाचून दाखवला. दवाखाना आम्ही बघू, बरं वाटलं की हलकं काम देऊ, असं सगळं गोडगोड त्यात होतं. बाबांनी उजवा अंगठा लावला. साक्षीला आईनंही लावला.

काम काही मिळालं नाही. महिन्याभरानं आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एका मास्तरांनी तो कागद उलटून पाहिला. मागच्या बाजूला लिहिलं होतं की जे मिळायचं ते सगळं मिळालं, यापुढं आमचं काही मागणं नाही.

आई रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "त्यानं कागद पलटवलाच नाही. मी आयकून राहिली होती ना. पलटवायचा आवाजच नाही आला."

तिला अक्षर येत नव्हतं. पण त्या दिवसापासून तिच्या कानाला एक वेगळंच काम लागलं.

बाबा घरी बसले. आई पंडरी बाजारातल्या दुकानांतून साड्यांचे गठ्ठे आणायची आणि घरी फॉल लावून द्यायची. भाजी आठवड्यातून दोनदा, बाकीचे दिवस भात आणि मिरचीचा ठेचा. दोन वर्षं मी एकाच फ्रॉकवर काढली. दुसऱ्या वर्षी आईनं त्याला फॉलच्या चिंध्यांची झालर लावली आणि बाहेर कोणी विचारलं तर फॅशन म्हणून सांगायला लावलं.

पण माझा अभ्यास मात्र तिच्यासमोरच व्हायचा, आणि मोठ्यानं. ती सुई चालवायची, मी वाचायची. काय वाचते ते तिला अर्धंच कळायचं, कारण आमचं शहर मराठी मुलखाबाहेरचं आणि शाळा हिंदीतली. कान मात्र पानावर असायचा. एकदा इतिहासाचं एकच पान मी तीनदा वाचलं. कोणाला कळणार?

"पोट्टे, पान कुठं पलटवलं?"

"मोठं पान आहे, माय."

"मले नको शिकवू. तिसऱ्यांदा तोच राजा मरून राहिला."

अशी मी शिकले. बारावी झाली, बी.ए. झालं. दोन्हीकडच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. पुढं शंकर नगरच्या एका ऑफिसात नोकरी लागली. मराठी पुस्तकं नागपूरहून मागवून वाचायला लागले. वाचणं ही माझी कमाई होती. म्हणून तर ऑफिसातल्या दीदीचा मला राग यायचा.

ही दीदी हिशेब विभागात. जेवणाच्या सुट्टीत ती काहीही सांगायची. मुंग्या मेलेल्या मुंगीला घराबाहेर कशा नेऊन टाकतात. समुद्राच्या पाण्याचं मीठ होताना काय काय होतं. पुलाला जागोजागी फट का ठेवतात. मी वाचणारी, आणि माहिती हिला! हिच्या घरी तर एक पुस्तक दिसत नाही. मग ही वाचते कधी?

"पढ़ती कहाँ हूँ? सुनती हूँ. रोटी बेलते बेलते."

मी तोंडावर म्हटलं, "सुनना पढ़ना नहीं होता."

"मत मानो," ती म्हणाली आणि डबा बंद केला.

मला ते पुस्तकं ऐकवणारं तिचं ॲप संशयाचंच वाटलं. पहिला महिना फुकट. आमच्या घरात फुकट म्हटलं की आधी मागची बाजू बघतात. कॅलेंडरवर शेवटच्या तारखेला लाल गोल केला आणि मगच ॲप घेतलं. मुंग्यांचं ऐकलं. मग पुलांचं, भूकंपाचं. शून्य कसं सापडलं त्याचं एक होतं, ते स्कूटीवर ऐकताना वाटेतला तेलीबांधा तलाव मागं गेला तरी कळलं नाही. गोष्टी खऱ्या असाव्यात असं वाटायचं. पण कोणीतरी मला घास भरवून राहिलंय, आणि मी ताट न बघता गिळून राहिले, असंही वाटायचं. पुस्तकात मी मागं जाते, ओळीखाली रेघ मारते, लेखकाशी भांडते. इथं तो बोलत सुटलेला असतो.

याच सुमारास आईचे डोळे गेले म्हणावं इतके बिघडले. बाबा तोवर राहिले नव्हते, घरात आम्ही दोघीच. आधी ती सुईत दोरा माझ्याकडून ओवून घ्यायची. मग फॉल वाकडा जायला लागला आणि दुकानातून साड्या परत आल्या. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणखी थांबलात तर काम अवघड होईल, ऑपरेशन करून घ्या. फॉर्म पुढं केला. आईला सही मीच शिकवली होती, पण तिनं पेनला हात लावला नाही.

"शेजारची आजी डोळ्याच्या कॅम्पात गेली होती. एक डोळा घेऊन गेली, तो पण ठेवून आली."

"माय, ते वेगळं होतं."

"काहून वेगळं? तिले पण कागद वाचूनच दाखवला असंन."

चार महिने मी समजावलं, रागावले, बोलणं सोडलं. ती भिंतीला हात लावत चुलीपर्यंत जायची आणि म्हणायची, दिसते मले. एका सकाळी तिनं दुधात मीठ टाकलं. तरी दिसतेच म्हणाली.

काम नसल्यानं ती दिवसभर बसून असायची, म्हणून मी मोबाईल तिच्याजवळ ठेवायला लागले. लोखंडावरचं एक पुस्तक लावलं. खाणीपासून भट्टीपर्यंत सगळं होतं त्यात. आई पूर्ण ऐकून म्हणाली, "चांगलं बोलते. पण काळ्या धुळीचं काही नाही बोलला. यानं एखाद्या दिवशी सिलतऱ्याले कपडे वाळत घातले असतीन का?" मधमाश्यांचं तिला आवडलं. तरी प्रत्येक पुस्तकाला एक प्रश्न ठरलेला. हा कोण? याले हे कसं ठाऊक? याले कोण पैसे देते?

मग मला युक्ती सुचली. डोळ्यांची ऑपरेशनं करण्यात ज्यांचा जन्म गेला अशा एका डॉक्टरांनी लिहिलेलं पुस्तक ॲपवर मराठीत सापडलं. मी ते साळसूदपणे लावून दिलं. आईनं दोन प्रकरणं ऐकली.

"हे तू मुद्दाम लावलं."

"नाही गं."

"आणि हा वाचून नाही राहिला. पानाचा आवाजच नाही."

मी हसले. "माय, तो आवाज ते काढून टाकतात."

"काढता येते का?"

"हव. मशीनवर सगळं काढता येते."

आई म्हणाली, "मंग आणखी काय काय काढलं?"

मी ग्रॅज्युएट. उत्तर नसलं की पुस्तक मागवते. छापील प्रत नागपूरहून कुरिअरनं आली. रविवारी मी आईजवळ बसले, मोबाईल सुरू केला, पुस्तक मांडीवर उघडलं. आवाज वाचेल तसं ओळीवर बोट फिरवायचं आणि त्याचं पान संपलं की मी कागद उलटायचा, म्हणजे आईच्या कानाला आवाज मिळेल. माणसं हसतील, पण आम्ही हे चार रविवार केलं. आई मान हलवायची. पानं बरोबर पडत होती. आता ती सहीला येईल असं मला वाटायला लागलं.

पाचवं प्रकरण संपलं. पुस्तकात सहावं सुरू झालं आणि मोबाईलवर सातवं.

मी ॲप उघडून पाहिलं. पुस्तकाच्या नावाखाली, बारीक अक्षरात, 'संक्षिप्त आवृत्ती'. इतके महिने मी हे ॲप उलटंपालटं तपासत होते, तारखेला लाल गोल करत होते, आणि हा एक शब्द वाचला नव्हता.

सहावं प्रकरण मी मनात वाचलं. त्यात डॉक्टरांनी लिहिलं होतं की त्यांच्या हातून एका शिंप्याचा डोळा कसा गेला. ऑपरेशन नीट झालं होतं. तिसऱ्या दिवशी त्या माणसानं डोळा दुखतो म्हणून निरोप पाठवला, आणि डॉक्टरांनी 'उद्या या' सांगितलं. उद्यापर्यंत आत पू झाला होता.

शिंपी! दुसरं कोणी मिळालं नाही का यांना? हे आईला वाचून दाखवलं तर संपलंच सगळं. सध्या पुढं जाऊ, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर सांगू, असं मी स्वतःला समजावलं. सातवं प्रकरण परत पहिल्यापासून लावलं आणि सहाव्याची पानं अलगद, एका चिमटीत धरून, उलटली.

"किती पानं पलटवली?" आई म्हणाली.

"एक."

"एक पान असं नाही वाजत. ते आठ-दहा होते."

मी पुस्तकावर तळहात दाबून धरला.

"त्या मुन्शीनं पलटवलं नव्हतं," आई म्हणाली, "तू एकदम पलटवून राहिली. फरक काय? तो तर आठवी नापास होता."

माझे कान तापले. इतक्या वर्षांत कोणी मला इतकं लागेल असं बोललं नव्हतं, आणि तिनं आवाजसुद्धा चढवला नव्हता. मी मोबाईल बंद केला. सहावं प्रकरण काढलं आणि शाळेत वाचायची तसं मोठ्यानं वाचलं, एकेक पान वेगळं उलटत. शिंपी आला, त्याचा निरोप आला, 'उद्या या' आलं. शेवटी डॉक्टरांनी लिहिलं होतं की त्यानंतर दुखण्याचा निरोप आला की ते ताटावरून उठतात.

वाचून झालं. आता आई 'पाहिलं? मी म्हटलं नव्हतं?' म्हणेल याची मी वाट बघत होते.

"हे त्यानं सोतानं लिहिलं?"

"हव."

"आपल्या नावानं? छापून?"

"वर नाव आहे ना त्याचं."

"आणि मोबाईलवाल्यानं नेमकं हेच काढलं." ती हसली. "मूर्ख आहे. हेच तर आयकण्यासारखं होतं."

दोन दिवसांनी ती आपणहून म्हणाली, दवाखान्यात चाल, पण बोलणार मी. तिथं तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तपासलं, समजावलं, फॉर्म काढला. आईनं हात जोडल्यासारखे करून विचारलं, "बाई, आपके हाथ से किसी की आँख बिगड़ी है क्या?"

मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. नर्सनं माझ्याकडं पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"हाँ माताजी, एक की," त्या म्हणाल्या. "उसकी आँख से पानी आता रहा, उसने पाँच दिन बाद बताया. अब मैं सबको अपना नंबर लिखके देती हूँ."

"मेरे को भी लिखके दो."

त्यांनी नंबर लिहून दिला. मग नर्सनं फॉर्म वाचायला घेतला. भराभर वाचून तिनं तो सहीसाठी पुढं सरकवला. आई हलली नाही.

"पलटाओ, दीदी."

मागच्या बाजूला खरंच मजकूर होता. डॉक्टरीणबाईंनी नर्सच्या हातून कागद घेतला, उलटला आणि स्वतः वाचला. डोळा जाऊ शकतो, हेही त्यात होतं. तेही त्यांनी वाचलं. आईनं बोटांनी कागदाची कड चाचपली, आणखी कागद जोडला नाही ना ते पाहिलं, आणि जागा कुठं आहे ते मला विचारून सही केली. ओळ वाकडी गेली, पण नाव पूर्ण होतं.

ॲप मी ठेवलं आहे. हल्ली आई चुंबकावरचं ऐकून राहिली आहे. नवं पुस्तक लावायच्या आधी मी आता संक्षिप्त आहे का ते बघते, आणि तरीही ती विचारतेच, हा कोण.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं, डाव्याचं होळीनंतर. तिसऱ्या दिवशी दोन्ही वेळा काही दुखलं नाही. आईला दोन्ही डोळ्यांनी दिसतं. जवळचा चष्मा लावून ती सुईत दोरा स्वतः ओवते.