मोहाखालची जपानी गाडी

नवरा मरेपर्यंत त्याला हे कळलं नाही. पोरांनाही नाही. सांगतेय ते तुम्हालाच पहिल्यांदा.

माझ्या भासऱ्यांची — नवऱ्याच्या थोरल्या भावाची — एक गाडी होती. जपानी, मोठ्या लढाईच्या आधीची. मूल गावाकडचा एक लाकडाचा ठेकेदार ती जंगलात टाकून गेला. भासऱ्यांनी बैल जुंपून ओढत आणली. केवढीशी! दोन माणसं बसली की तिसऱ्याचं गाठोडंही मावत नसे. वर कापडी टप, आत लाकडी सांगाडा. वर्षानुवर्षं ते तिला जोडत राहिले. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली ती उभी असायची. मोह फुलला की उजाडताना टपावर फुलं पडत राहायची, सगळं धूसर, गोड वासाचं — आणि वाटायचं, ही चालतेच आहे, हळूहळू, आपल्यालाच दिसत नाही. एकदा मी चोरून आत बसले. कुठं निघाले होते? चंद्रपूर? माहीत नाही. उतरावंसं वाटलं नाही, एवढं खरं.

मोह वेचायच्या आधी आम्ही झाडाखालचा पाला जाळतो. जमीन साफ झाली की फुलं दिसतात. पण त्या झाडाखाली नुसतं झाडायचं, जाळायचं नाही — भासऱ्यांनी बजावून ठेवलं होतं. त्या सकाळी मला झाडायचा कंटाळा आला. होय, कंटाळा. दुसरं काही नाही. काडी लावली, आणि विझेल आपोआप म्हणून घरी भात टाकायला आले.

धूर पाहून सगळे धावलो. लोखंड तेवढं उरलं होतं. सासू भासऱ्यांवर ओरडली, "ओढ आणखी बिड्या! किती डाव सांगतलं तुले!"

"मायाच हातानं झालं, माय," ते म्हणाले. "पहाटे थोटूक इथीच फेकलं मी."

मी मागे उभी होते, डोक्यावर पदर घेऊन. एक शब्द पुरे होता — नव्हता का?

त्यांनी बिडी सोडली. कुणी पाण्याचं इंजिन दुरुस्तीला बोलावलं तरी जाईनात. "माया हाताले यश नाई," म्हणायचे. सुनेनं भासऱ्यासमोर बोलू नये, अशी आमच्यात रीत — मी स्वतःला तेच सांगत आले. पण रोज जेवायला हाक तर मीच मारायचे ना?

शेवटच्या दुखण्यात पेज पाजायलाही मीच होते. एका दुपारी ते म्हणाले, "बाई, सपनात मी ते थोटूक विझवून राह्यलो असतो. विझतच नाई."

मी चमचा पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं.