मिर्झापूरचा सूर्य आणि आमची कचेरी

कचेरीत शिरले की आमचे एक ज्येष्ठ कारकून आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, मग खिडकीतून सूर्याकडे, आणि शांतपणे म्हणत, "मिर्झापुरात दहा बावन्न झाले. आपल्या अकोल्यात आत्ता कुठी साडेदहा होऊन राहिले."

साठ साल उजाडायच्या आधीची ही गोष्ट. कचेरी साडेदहाची. हजेरीपुस्तक माझ्याकडे, त्यामुळे त्यांच्या नावापुढे रोज लाल शाईने 'उशीर' लिहिण्याचं पुण्यकर्मही माझंच. हेडक्लार्कची जागा रिकामी होती, नंबर त्यांचा होता, आणि आड येत होती ती एवढी लाल शाई.

"अहो, सगळ्या देशाचं घड्याळ एकच आहे," मी समजावून पाहिलं.

"देशाचं असन. सूर्याचं नाई. पृथ्वीले एक अंश फिरायले चार मिनिटं लागतात. घड्याळ लावलं मिर्झापूरच्या सूर्यावर, अन् मिर्झापूर आपल्या पूर्वेले साडेपाच अंश. तो आपल्या डोक्यावर यायले अजून बावीस मिनिटं. मी त्याच्या आदी येऊन काय करू?"

हा हट्ट संध्याकाळीही सुटत नसे. साडेपाचच्या ठोक्याला आम्ही पसार. ते मात्र पाच बावन्नपर्यंत जमिनीच्या कागदांच्या नकला देण्याच्या खिडकीत बसून. पातूरकडच्या खेड्यांतली एकुलती मोटार साडेपाचनंतरच पोहोचायची. तेव्हा त्या खिडकीशी गर्दी होते, असं शिपाई सांगे. आम्हाला ती कधी दिसली नाही. आम्ही घरी चहा पीत असायचो.

शेवटी साहेबांनी लेखी खुलासा मागितला. यांनी खुलासा तर दिलाच, वर साहेबांना अंगणात नेऊन एक काठी रोवून दाखवली. डिसेंबरअखेरचं ऊन होतं. बारा वाजून गेले तरी सावली आखूडच होत राहिली, आणि बारा बावीस झाल्यावर वाढू लागली. अख्खी कचेरी काम टाकून सावली मोजत होती, पण त्या दिवशी कुणाला लाल शाई लागली नाही. साहेबांनी खुलाशावर शेरा मारला: 'सूर्याचे म्हणणे खरे आहे. तथापि सूर्य या कचेरीत नोकरीस नाही.'

हेडक्लार्क दुसराच झाला. यांची बदली अमरावतीला झाली. अमरावती अकोल्याच्या पूर्वेला, तिथे सूर्य तीन मिनिटं आधी पोहोचतो; म्हणून हेही तिथे दहा एकोणपन्नासला येऊ लागले. साहेबांनी वर कळवलं की बदलीमुळे माणूस सुधारला.

नकलांची खिडकी माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी साडेपाचला खिडकी मिटली, आवराआवर केली आणि कुलूप लावून वळलो, तर पायरीशी एक म्हातारी उभी. मोटारीतून उतरून धावत आलेली, धाप लागलेली.

"ते उशिरापर्यंत बसनारे बाबू कुठी गेले?"

"अमरावतीला बदली झाली त्यांची. तुम्ही उद्या या, बाई. कचेरी बंद झाली."

"उद्या मोटार याच टायमाले येईन ना बाप्पा. मंग मी बसतो अठीच."

मला लाज वाटली. किल्ली हातात होती, पण घड्याळही बरोबर होतं, म्हणून मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या ठोक्याला पोहोचलो. ती पायरीवरच बसलेली होती.