शेड मिळायच्या आधी

भाकरी कानाशी धरायची आणि नखानं टिचकी मारायची, ही मावशींची सवय. आमच्या मुरुम गावात कडक भाकरी पुष्कळजणी करतात, पण ती अशी ऐकणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. आवाज बद्द आला की भाकरी बाजूला. "वाजली पायजे. न्हाय तर ती भाकर न्हाय, फडकं हाय," म्हणायच्या. माझ्या किराणा दुकानात त्यांचाच माल असे, आणि कुठल्या फळीवर मांडायचा हेही त्याच ठरवत.

गल्लीतल्या पाच-सहा बायकांना त्यांनी हाताशी धरलं होतं. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली. मावशींच्या अंगणात पत्र्याखाली रांगेनं चुली पेटत. अडचण फक्त पावसाळ्याची. हवा ओली झाली की भाकरी सादळायची आणि सगळ्याजणी रिकाम्या बसायच्या. "पोटाला पावसाळा कळत न्हाय ओ," असं त्या हसून म्हणत, पण ते हसणं बघवत नसे.

मग उद्योगांना मदत करणाऱ्या सरकारी कार्यालयातले साहेब आले. गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतली पक्की शेड तुम्हालाच, म्हणाले. वीज, भाकरी वाळवायचं यंत्र, सगळं मिळेल. "पाडव्याला तिथंच काम सुरू करा."

आदल्या दिवशी मावशींनी अंगणातल्या चुलींवर दूध शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं आणि सगळ्या मोडून टाकल्या. मी म्हटलं, "मावशी, शेडची किल्ली तर हातात येऊ द्या."

"मागं जिती चूल ठिवली की म्होरली पेटत न्हाय, अण्णा."

शेड गेली एका व्यापाऱ्याला. बँकेला दाखवायला त्याच्याकडं तारण होतं, मावशींकडं नुसते हात. मोठा धंदा आला की गरिबाला काम मिळतंच, असं कार्यालयानं समजावलं. यंत्र आलं, त्याला माणसं लागली दोन, आणि ती व्यापाऱ्याच्या भावकीतली निघाली. मावशींनी पुन्हा चुली घातल्या. पण यंत्राच्या स्वस्त मालापुढं त्यांचा माल पडून राहू लागला. एक बाई पुण्याला धुणीभांडी करायला गेली, एक ऊसतोडीला, मग बाकीच्याही पांगल्या. शेवटी मावशीही पुण्यातल्या एका मेसमध्ये कामाला लागल्या. मला अजून त्या कार्यालयाचा संताप येतो, आणि त्या संतापाचं काय करावं ते कळत नाही.

सरकारी सवलती संपल्या तसं व्यापाऱ्यानं शेडला कुलूप लावलं. गेल्या आठवड्यात नवे साहेब माझ्या दुकानात आले. "शेड रिकामी झालीय. भाकरीवाल्या बाईंना द्यायची म्हणतोय. बोलावता का त्यांना?"

मी तिथंच फोन लावला. आनंदाच्या भरात काय बोललो ते माझं मला ठाऊक नाही. पलीकडं कुणीतरी मावशींना ताटं आणायला हाका मारत होतं.

"येईन ओ," त्या म्हणाल्या. "पर कुणाला घिऊन येऊ, अण्णा?"

साहेब समोर हसतमुखानं उभे होते.