रिकाम्या बशीतलं सूप

एवढं हसू बावतीसला आयुष्यात मिळालं नव्हतं. तो स्टेजवर उताणा पडला होता, मी शेजारी खुर्चीत बसून रिकाम्या बशीतलं सूप पीत होते आणि इथे आखातात, उम्म अल हस्सम भागातल्या त्या हॉलमध्ये आमची वसईची माणसं पोट धरून हसत होती. तो मरत होता. मला ते ठाऊक नव्हतं. मी आणखी एक चमचा प्यायले.

बावतीस आमच्याच गावचा. मनामातल्या एका हॉटेलच्या बारमध्ये त्याने तीस वर्षं ग्लास पुसले. तिथे एक म्हातारा इंग्रज पियानोवर विलायतेतली जुनी विनोदी गाणी म्हणायचा. शंभरेक वर्षांपूर्वी तिकडचे हमाल, गाडीवाले, मोलकरणी हातात बिअर घेऊन थिएटरात ही गाणी ऐकायचे म्हणे. कजाग सासू, घरमालक, दारुडा नवरा, असले विषय. मधेमधे बतावणी, आपल्या तमाशात असते तशी. फक्त पागोट्याच्या जागी हॅट. इंग्रज मायदेशी जाताना गाण्यांची वही बावतीसला देऊन गेला आणि याला वेड लागलं.

मी चौथी शिकलेली. मनामातच झिंज भागात लेकीकडे राहते. लेक रीटा नर्स आहे. बावतीस खालच्या मजल्यावर राहायचा. पहिल्यांदा दारात आला तो कोट घालून, मिशीला बुटाचं पॉलिश लावून. वास येत होता.

"बाय, तू कधी हसतेस का?"

"हसण्यासारखं काय आहे?"

"खलास. तूच पाहिजे. तुझ्या तोंडाकडे बघून दूध नासेल. असंच तोंड मी वर्षभर शोधतोय."

मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो परत आला.

खरं तर तो आधी तरुण पोरांकडे जाऊन आला होता. "अंकल, टू ओल्ड," म्हणून त्यांनी वाटेला लावलं. नोकरी केव्हाच सुटली होती, इथे राहायची रेसिडेन्सी महिनाअखेर संपणार होती आणि वसईहून मुलाचे फोन चालू होते. "तिकडे गेलो की मुलगा मला केळीच्या वाडीत बसवणार. गाणी माझ्याबरोबर मातीत. त्याआधी कुणाच्या तरी तोंडात घालून जायचंय," म्हणायचा. आमच्या लोकांच्या शुक्रवारच्या संमेलनात हाऊजी आणि जेवणाच्या मधली दहा मिनिटं त्याने हातापाया पडून मिळवली होती.

तालीम माझ्या स्वयंपाकघरात. मी मासळी कापायची आणि तो शिकवायचा. मला इंग्रजी येत नाही. त्याने एकेक ओळ पोपटाला शिकवावी तशी माझ्याकडून घोकून घेतली. शाबासकी कधी दिली नाही. गोष्ट सोपी होती. बायको रडते का ते बघायला नवरा मेल्याचं सोंग करतो. बायको रडत नाही, सूप पीत बसते. शेवटी नवराच कंटाळून खोकतो आणि ती किंचाळते.

"मी खोकल्याशिवाय माझ्याकडे बघायचं नाही. हसू आलं तर गिळायचं. हसणं त्यांचं काम, आपलं नाही."

"आणि तू विसरलास तर?"

"तर झाकायचं. थांबलो की गाणं मेलं."

त्या शुक्रवारी तो दोन ओळी आधीच पडला. मला वाटलं, म्हातारा विसरला. झाकायचं म्हणून राहिलेल्या दोन ओळी मीच म्हटल्या आणि चमचा उचलला. लोक हसायला लागले. मी खोकल्याची वाट बघत होते. खोकला येईना. मी मनात त्याला शिव्या दिल्या, की हसू मिळतंय म्हणून ताणतोय. त्याच्याकडे बघितलं नाही. चमचा बशीवर आपटून सूप पीत राहिले. लोक आणखी हसले.

तिसऱ्या रांगेतून रीटा उठली. ती स्टेजवर चढली तेव्हाही कुणीतरी ओरडलं, "ही कोण, दुसरी बायको?" तिने गुडघ्यावर बसून त्याची छाती दाबायला घेतली आणि मग हॉल गप्प झाला. अँब्युलन्स आली. त्यांनीही प्रयत्न केला. मी बशी धरून बसले होते. ती माझ्या हातातून कुणी काढली, आठवत नाही.

रीटा म्हणते, "मम्मी, आधी कळलं असतं तरी काही झालं नसतं." ती पेशंटच्या घरच्यांनाही असंच सांगते. मी तिला फोनवर ऐकलंय.

मुलगा येऊन त्याला घेऊन गेला. वही नको म्हणाला, ती माझ्याकडे आहे. सगळी इंग्रजीत, मला वाचता येत नाही. वहीतली ती एक बतावणी तेवढी मला पाठ आहे, त्याच्याही ओळींसकट. मासळी कापताना तोंडात येते. नवऱ्याचं बोलणं संपलं की मी खोकल्यासाठी थांबते.

स्टेजवर आम्ही दोघं होतो. त्यातली मी जिवंत आहे.