मेधाचा ‘अ‍ॅस्टॉनिश्ड’

दादाने रत्नागिरीहून पाठवलेली आंब्याची पेटी काल पुण्यात उघडली आणि पेंढ्याच्या उबदार वासाबरोबर मला मेधा आठवली. अजूनही जळफळाट होतो.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी नववीत होते आणि बाबा शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्या मे महिन्यात त्यांनी मला ‘अ‍ॅस्टॉनिश्ड’ हा शब्द दिला होता. “अर्थ पाठ करून भागायचं नाही गो, खरोखर तसं वाटेल तेव्हाच वापरायचा,” म्हणाले. मी तो आमटीला वापरला, अचानक आलेल्या पाहुण्यांना वापरला. दर वेळी बाबा हसून म्हणायचे, “हे नुसतं सरप्राइज्ड झालं.”

मग मुंबईहून माझी आत्तेबहीण मेधा आली. बाबांनी तिला माळ्यावर नेलं आणि आढीवरचा पेंढा बाजूला केला. खाली पिवळेधमक हापूस, आणि तोंडावर गोड वासाचा भपकारा. मेधा बघतच राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “मामा, आय अ‍ॅम अ‍ॅस्टॉनिश्ड.”

आढीतला पहिला आंबा दरवर्षी माझा असायचा. बाबांनी तो तिच्या हातात ठेवला.

माझा शब्द, माझा आंबा, माझे बाबा! मी रागाने शिडी उतरले. त्या वासातच वाढलेल्या मला त्याचं कसलं आश्चर्य वाटणार होतं?

काल मात्र पेटीवर वाकले आणि बघतच राहिले. शब्दही ओठांवर आला, अगदी खरा. पण पहिला आंबा हातात ठेवायला आता बाबा नाहीत.

मेधाच्या वेळी होते.