डीजेच्या वरचा सूर

पारोळ्यात मित्राच्या वरातीत एक म्हातारा बँडवाला सॅक्सोफोन वाजवत होता. ओठ कापू नये म्हणून लग्नपत्रिकेचा कागद घडी करून त्यानं खालच्या दातांवर बसवलेला. सूर सतत टिपेला. माझं तर डोकं उठलं.

"नाना, जरा खालच्या सुरात वाजवा ना!"

"खालना सूर कोणले आयकू येस, भाऊ? डीजेना वर जानं पडस." बोलतानाही त्याचे पाय एका जागी ठरत नव्हते.

संध्याकाळी पाठवणीला डीजे बंद होता. नवरीच्या वडिलांनी त्याला संथ काहीतरी वाजवायला सांगितलं. त्यानं डोळे मिटून फुंकलं, तर पुन्हा तीच किंकाळी. नवरी रडायची थांबून बघू लागली. तीनदा तसंच झालं. शेवटी त्यानं तोंडातला कागद काढला. कागद रक्तानं लाल झाला होता.

"खाले उतरानं इसरी गऊ, भाऊ," तो मला म्हणाला.